अंगावरून पांढरं जातंय, खाज थांबत नाही: यीस्टचा संसर्ग वाटला तर काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

आमच्याकडे कोकणात जून लागला की दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. अशाच एका जूनमध्ये दाढ दुखली म्हणून मी सात दिवस अँटिबायोटिक घेतलं. दाढ बरी झाली आणि दुसरंच दुखणं मागे लागलं. खाली प्रचंड खाज, लघवीला आग आणि दह्याच्या फुटक्या कवड्यांसारखं पांढरं जाणं. पुढची दोन वर्षं ते जायचं आणि परत यायचं.

त्या दोन वर्षांत मी जवळजवळ सगळे उपाय केले. पण उलट्या क्रमाने. आधी मलम, मग घरगुती उपाय, मग पथ्य, आणि तपासणी सगळ्यात शेवटी. तुमचा तरी क्रम चुकू नये म्हणून हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. औषधांची मात्रा लिहिली आहे ती डॉक्टरांचं बोलणं समजावं म्हणून, दुकानातून परस्पर आणण्यासाठी नाही.

१. आधी हे यीस्टच आहे का, ते ठरवा

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. आपल्याला त्रास देणारी बहुतेक वेळा कॅन्डिडा अल्बिकन्स. ती बाहेरून येऊन हल्ला करते असं मला वाटायचं. खरं तर ती निरोगी माणसाच्याही तोंडात, आतड्यात, योनीत थोडी थोडी असतेच. तिच्या शेजारी लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू राहतात आणि जागा अडवून ठेवतात. ते कमी झाले किंवा बुरशीला भरपूर खायला मिळालं की ती पसरते. चारातल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, त्यामुळे लाज वाटण्यासारखं यात काही नाही.

पण अंगावरून जाणारं सगळंच यीस्ट नसतं. ढोबळ खुणा अशा:

- घट्ट, पांढरं, दह्यासारखं, फारसा वास नाही, पण खाज आणि आग जबरदस्त: यीस्टची शक्यता जास्त.
- पातळ, करडट पांढरं, माशासारखा वास, खाज कमी: हा जिवाणूंचा बिघाड असू शकतो. त्याचं औषध वेगळं.
- पिवळट-हिरवं, फेसाळ, दुर्गंधी: ट्रायकोमोनास असू शकतो. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि त्यात नवऱ्यालाही औषध लागतं.
- दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत जाणारं पारदर्शक, ताणलं जाणारं पाणी: हा आजारच नाही. आपल्याकडे कित्येक मुली 'धुपणी लागली, हाडं झिजतात' म्हणून यालाच घाबरतात. हाडांचा याच्याशी काही संबंध नाही.

या खुणांवरून अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही. मी पहिल्या वर्षी दोनदा यीस्ट समजून औषध घेतलं, आणि त्यातल्या एकदा तरी ते यीस्ट नव्हतं असं आता जुन्या नोंदी बघून वाटतं.

थेट डॉक्टरकडे कधी? आयुष्यात पहिल्यांदाच होत असेल, गरोदर असाल, ताप किंवा ओटीपोटात दुखत असेल, रक्त जात असेल, फोड किंवा जखमा असतील, किंवा लहान मुलीला होत असेल, तर घरी काहीही करत बसू नका. आणि पाळी गेलेल्या बायकांसाठी मुद्दाम लिहिते: त्या वयात यीस्ट तुलनेने कमी होतं, मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. त्यामुळे साठीतल्या आईला अंगावरून जात असेल तर 'उष्णता झाली' म्हणून सोडू नका. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी व्हायला हवी.

२. बुरशीला वाढायला जागा कुणी दिली, ते शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. डॉक्टरकडे जाण्याआधी वही घेऊन बसा आणि गेल्या तीन महिन्यांत काय बदललं ते लिहा.

अँटिबायोटिक हे सगळ्यात नेहमीचं कारण. ते लॅक्टोबॅसिलसनाही मारतं. गर्भारपण, काही गर्भनिरोधक गोळ्या, दम्याचा किंवा सांधेदुखीचा स्टिरॉइड, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं हीही कारणं.

आणि साखर. माझं कारण हेच निघालं. वय बेचाळीस, अंगकाठी बारीक, घरात कुणाला मधुमेह नाही, म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही. दोन वर्षांनी एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, केली तर ७.९. (५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठ्यावर, ६.५ आणि वर मधुमेह.) दोन वर्षं मी अंगावर मलमं लावत होते आणि रक्तात बुरशीचा खुराक तसाच चालू होता. वारंवार होत असेल तर ही एक तपासणी टाळू नका. तिला उपाशी पोट लागत नाही.

आता जरा उलटी गंमत. कधी कधी मधुमेहाचं औषधच कारण असतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशी ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं ती औषधं जादा साखर लघवीतून बाहेर काढतात. औषध म्हणून ती चांगली आहेत, हृदय आणि किडनीसाठीही देतात, पण लघवीत साखर आली की त्या जागी यीस्टचं फावतं. आमच्या मोठ्या भाऊजींना ही गोळी सुरू झाल्यावर पुढच्या कातडीला चिरा पडल्या, खाज सुटली. तीन महिने त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेवटी जाऊबाईंनी मला विचारलं तेव्हा उलगडा झाला. हो, पुरुषांनाही हे होतं. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना सांगा. दरवेळी लघवीनंतर पाण्याने धुऊन जागा कोरडी करणं एवढ्यानेही बराच फरक पडतो.

३. डॉक्टरकडे जाताना काय न्यायचं

- आतापर्यंत वापरलेल्या सगळ्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचे आणि मलमांच्या ट्यूबचे फोटो. 'ती पांढरी ट्यूब' असं सांगून काही कळत नाही.
- रोजच्या औषधांची यादी. विशेषतः रक्त पातळ करणारं वॉरफरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी. बुरशीवर देतात त्या फ्लुकोनाझोलच्या गोळीबरोबर यांचा परिणाम वाढू शकतो.
- त्रासाच्या आणि पाळीच्या तारखा. माझा त्रास दरवेळी पाळीच्या आधीच्या आठवड्यात उसळतो हे मला तारखा लिहिल्यावरच दिसलं.
- जुने रिपोर्ट.

जाण्याआधी दोन-तीन दिवस योनीत मलम किंवा गोळी घालू नका आणि आतून धुऊ नका, नाहीतर नमुन्यात काही सापडत नाही. पाळी चालू असताना जाण्यातही फायदा नाही.

बोलायचं कसं, हा खरा अडसर. 'खाली जरा प्रॉब्लेम आहे' असं म्हटलं की डॉक्टर लघवीची तपासणी लिहून देतात. माझं एकदा तसंच झालं. त्यापेक्षा सरळ चार वाक्यं पाठ करून जा: "खाज आहे, बाहेर आणि आत. पांढरं, घट्ट जातंय. वर्षात ही चौथी वेळ. तपासून, नमुना घेऊन सांगा." तोंडाने बोलवत नसेल तर कागदावर लिहून समोर ठेवा. मी तेच केलं.

खासगी दवाखाना परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयांत गुप्तरोग आणि प्रजननमार्गाच्या संसर्गासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. तपासणी आणि औषध मोफत. तिथल्या पाटीकडे बघून बिचकू नका. अंगावरून जाण्याच्या तक्रारीसाठीच ते आहे.

४. तपासणीत काय होतं

कापसाच्या काडीने नमुना घेतात, पाच मिनिटांचं काम. आम्लता बघायची कागदी पट्टी लावतात. यीस्टमध्ये ती बहुधा ४.५ च्या खालीच राहते, बाकीच्या दोन आजारांत वर जाते. मग काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधतात. पहिल्या वेळेला एवढं पुरतं.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा झालं असेल तर कल्चर मागा, म्हणजे नमुना प्रयोगशाळेत वाढवून कोणती जात आहे ते बघणं. कारण अल्बिकन्सऐवजी ग्लॅब्राटासारखी दुसरी जात निघाली तर नेहमीचं औषध तिच्यावर नीट चालत नाही.

बाटलीभर कफाची किंवा शौचाची 'कॅन्डिडा टेस्ट' विकणारे भेटतील. शौचात कॅन्डिडा निरोगी माणसाच्याही सापडते, त्यावरून आजार ठरत नाही. सकाळी ग्लासभर पाण्यात थुंकून तार सुटते का बघण्याची जी युक्ती फिरते, तिच्यावर तर वेळ घालवू नका. थुंकी आहे, तार सुटणारच.

५. औषध

साध्या, पहिल्या-दुसऱ्या वेळच्या त्रासाला दोन सरळ मार्ग आहेत. एक म्हणजे फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी तोंडाने. दुसरा म्हणजे क्लोट्रिमाझोलच्या योनीत ठेवायच्या गोळ्या किंवा क्रीम, एक ते सात दिवस, ताकदीप्रमाणे. दोन्ही सारखेच चांगले. त्रास जोरात असेल तर फ्लुकोनाझोल तीन-तीन दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा देतात. गोळी घेतल्या घेतल्या खाज जात नाही, दोन-तीन दिवस लागतात. मी पहिल्यांदा दुसऱ्याच दिवशी घाबरून दुसरी गोळी घेतली होती.

गरोदरपणात तोंडाने फ्लुकोनाझोल टाळतात. तेव्हा योनीत ठेवायचं औषध सात दिवस देतात, तेही डॉक्टरांना विचारूनच.

योनीतली गोळी रात्री झोपताना, आडवं पडून, बोटाने जाईल तितकी आत ठेवा. सकाळी पांढरा चोथा बाहेर येतो. ते औषधाचं उरलेलं असतं, रोग वाढलेला नसतो. पॅड लावा. या क्रीममधल्या तेलाने कंडोम कमकुवत होतो, हे दुकानदार सांगत नाही.

नवऱ्याला त्रास नसेल तर त्याला औषध लागत नाही. खाज, लाली असेल तरच. "तुझ्यामुळे मला" हा वाद घरात होतो म्हणून लिहिते: हा शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आजारांत सहसा धरत नाहीत.

सगळ्यात मोठा सापळा: सगळं एकत्र असलेलं मलम. दुकानात 'खाजेचं काहीतरी द्या' म्हटलं की जी ट्यूब हातात येते तिच्यात बऱ्याचदा बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड तिन्ही असतात. दोन दिवसांत खाज गायब, म्हणून आपण खूश. पण स्टिरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबतो. आत बुरशी आरामात पसरते. मी हे मलम सात महिने अधूनमधून लावलं. जांघेतली कातडी पातळ झाली, गरोदरपणात पोटावर उमटतात तशा रेघा उठल्या. त्या अजून आहेत. ट्यूबवरची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही दिसलं तर ती ट्यूब डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय लावू नका.

जेनेरिक घ्यायला हरकत नाही. जनऔषधी केंद्रात विचारा.

६. घरचे उपाय: कोणते ठेवायचे, कोणते सोडायचे

माझ्या आत्याने तुरटीचं पाणी सांगितलं, शेजारच्या काकूंनी कडुनिंब, कुणी लसणाची पाकळी आत ठेवायला सांगितलं. सगळं मायेने. पण परिणाम सांगते.

लसूण: भाजल्यासारखी आग, दोन दिवस बसता येत नव्हतं. कधीच करू नका. डेटॉल, व्हिनेगर, बेकिंग सोडा, सुगंधी वॉश यांनी आतून धुणं: उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही जातात. योनी आतून धुवायची गरज नसते. बाहेरून साधं पाणी पुरे. तुरटी आणि कडुनिंबाच्या पाण्याने बाहेरून धुतलं तर घडीभर बरं वाटतं, पण कातडी कोरडी पडून चिरली की खाज दुप्पट.

खोबरेल तेल प्रयोगशाळेतल्या ताटलीत कॅन्डिडाला रोखतं, हे खरं. माणसाच्या अंगात औषधाची जागा ते घेत नाही. बाहेरच्या खरचटलेल्या कातडीवर बोटभर लावायला ठीक आहे. दही खा, लावू नका. खाल्ल्याने यीस्ट जाईल असा पक्का पुरावा नाही, पण बिनसाखरेच्या दह्याने नुकसानही नाही. प्रोबायोटिक कॅप्सूलचंही तेच, फक्त त्या महाग.

एक घातक सल्ला मुद्दाम नोंदवते. बोरिक पावडर यीस्टवर चालते असं ऐकून एका ओळखीच्या बाईने कॅरमवर टाकायची पावडर वापरली होती. बोरिक ॲसिडच्या ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल हट्टी, अल्बिकन्स सोडून दुसऱ्या जातीच्या यीस्टसाठी डॉक्टर देतात, हे खरं आहे. त्या योनीतच ठेवायच्या असतात. पोटात गेल्या तर विष, गरोदरपणात वर्ज्य. कॅरमची पावडर कॅरमवरच राहू द्या.

वैद्यांकडे जायचं असेल तर जरूर जा, पण निदान झाल्यावर. श्वेतप्रदरावर, म्हणजे अंगावरून पांढरं जाण्यावर, अरिष्ट-आसवं देतात. ती गूळ किंवा मध घालून आंबवलेली असतात. साखर असेल तर वैद्यांना आधी सांगा.

खरोखर उपयोगी पडलं ते अगदी कंटाळवाणं आहे: कोरडं राहणं. सुती आतले कपडे, दिवसातून दोनदा बदललेले. पावसात न वाळलेले कपडे इस्त्रीने कडकडीत वाळवूनच घालणं. रात्री गाऊनखाली काही न घालणं. घट्ट लेगिंग्ज आणि रोजचे पॅन्टी लायनर बंद. शाळेत भिजून पोचायचे तेव्हा बदलायचे कपडे पिशवीत ठेवायला लागले.

७. 'कॅन्डिडा डाएट'

१९८० च्या दशकात अमेरिकेत ही कल्पना फार गाजली: थकवा, पोट फुगणं, विसरभोळेपणा, सगळ्याचं मूळ पोटातली यीस्ट, म्हणून साखर, पाव, आंबवलेलं, फळं सगळं बंद. आता ती फोनवरून आपल्याकडे येते. मी दोन महिने इडली, पाव, केळी, ताक सोडलं. वजन चार किलो उतरलं, संसर्ग होता तिथेच.

पावातलं यीस्ट सॅकरोमायसिस, ते वेगळं आणि भट्टीत मरतं. इडलीचं पीठ तर मुख्यतः जिवाणूंनी फुगतं. त्यांच्याशी भांडण नको. मधुमेह असेल तर गोड कमी करायचं ते रक्तातली साखर उतरावी म्हणून. माझं एचबीए१सी ६.४ वर आलं त्यानंतर त्रासाची उसळी खरोखर कमी झाली, आणि इडली मी तेव्हा खात होते.

८. दुसऱ्या जागा

तोंड: दम्याच्या स्टिरॉइड पंपानंतर चूळ भरून थुंका, गिळू नका. कवळी रात्री काढून ठेवा. कारण नसताना मोठ्या माणसाच्या तोंडात पांढरे थर येत असतील तर साखर आणि एचआयव्ही दोन्ही तपासा. दुसरी तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत आणि गुप्त होते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर नुसतं दूध असू शकतं. गालांच्या आतही असेल, पुसून जात नसेल तर बालरोगतज्ज्ञ. टाकणखाराची लाही मधातून चाटवण्याची जुनी पद्धत विसरा. टाकणखार बाळाला विषारी आहे आणि वर्षाच्या आत मध देत नाहीत. अंगावर पाजत असाल आणि स्तनाग्रं दुखत असतील तर दोघांचं औषध एकदम लागतं.

स्तनांखाली, जांघेत, पोटाच्या घडीत: लाल पट्टा आणि कडेने बारीक पुटकुळ्या. कोरडं करून साधं क्लोट्रिमाझोल क्रीम. जास्त नाही.

हात: भांडी-धुण्यात हात सतत ओले असलेल्या बायकांच्या बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडेला हे होतं. नखुरडं महिनोन्महिने बरं होत नसेल तर हातमोजे घाला, आत सुती आणि वर रबरी.

९. परत परत होत असेल तर

वर्षात तीनदा किंवा जास्त झालं की एकेक गोळी घेत बसायचं नाही. कल्चरमध्ये अल्बिकन्स निघाल्यावर माझ्या डॉक्टरांनी फ्लुकोनाझोल पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी दिलं, मग आठवड्याला एक गोळी, सहा महिने. मध्ये एकदा यकृताची तपासणी. हीच पद्धत सर्वत्र वापरतात. सापळा एवढाच, की दुसऱ्या महिन्यात एकदम बरं वाटतं आणि गोळी विसरली जाते. मी कॅलेंडरवर प्रत्येक रविवारच्या चौकोनात टिंब काढायचे, दुधाच्या हिशेबाशेजारीच.

सहा महिने संपल्यावर बऱ्याच जणींना परत होतं, ते आधीच माहीत असू द्या. माझंही गेल्या श्रावणात खाज घेऊन परत आलं. या वेळी दुकानात गेले नाही, वही घेऊन दवाखान्यात गेले. काचेवर एकही धागा दिसला नाही. पाऊस म्हणून आणलेली नवी, वासाची कपडे धुण्याची पावडर अंगाला सोसली नव्हती. पावडर बदलली, चार दिवसांत खाज गेली.